चीगाँग, आखाडा आणि ध्यान : मराठवाड्यातल्या नवख्यासाठी

चीगाँग शिकायचंय असं कुणी म्हणालं की त्याच्या मोबाइलमध्ये आधीच ढीगभर व्हिडिओ साठवलेले असतात. एकात कुणी म्हातारा चिनी गुरू हात न लावता शिष्याला उडवतोय, दुसऱ्यात ‘सात दिवसांत शुगर गायब’. हे सगळं आधी डिलीट करा. नवख्याला पहिले तीन महिने तीनच गोष्टी पुरतात : स्थिर उभं राहणं, आठ हालचालींचा एक संच आणि दहा मिनिटं बसणं. लढाऊ कला त्यानंतर, आणि तीही गावातल्या किंवा तालुक्याच्या जिवंत माणसाकडून.

हे नेमकं काय आहे, ते थोडक्यात. चीगाँग म्हणजे शरीराची ठेवण, श्वास आणि लक्ष ही तिन्ही एकत्र धरून केलेला संथ व्यायाम. मुळं खूप जुनी. चीनमध्ये मावांगदुई इथे १९७३ साली एका थडग्यात रेशमी कापडावरचं चित्र सापडलं. त्यात ४४ माणसं हात ताणताहेत, वाकताहेत, वळताहेत. थडगं इसवी सनापूर्वी १६८ मधलं. पण चीगाँग हे नाव आजच्या अर्थाने रुळलं ते १९५०च्या दशकात, ल्यू ग्वेईचन यांनी आरोग्यधामात रुग्णांना हे शिकवायला घेतल्यावर. मग १९८०-९०च्या दशकांत चीनमध्ये त्याचं वेडच पसरलं. बुवाबाजी आली, चमत्कारांचे दावे आले, आणि शेवटी सरकारला लगाम घालावा लागला. २००३ साली तिथल्या सरकारी आरोग्य-चीगाँग संघटनेने चार जुने संच नीट बसवून प्रसिद्ध केले. त्यातलाच बादुआनजिन हा संच आपण घेणार आहोत. ताईची ही त्याच्या शेजारची पण वेगळी गोष्ट. ती मुळात हेनान प्रांतातली लढाऊ कला, आणि २०२० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

बोधिधर्म या बौद्ध भिक्खूने भारतातून जाऊन चीनमधल्या शाओलिन मठात कुंगफू शिकवलं, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. इतिहासकार ती दंतकथा मानतात. छाती फुगवायला बरी आहे, पण सरावाला तिचा काही उपयोग नाही.

वेळ आणि जागा

आपल्याकडे व्यायाम बंद पडतो तो आळसापेक्षा उन्हाने. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो, आणि दिवसभर तापलेली स्लॅबची गच्ची रात्री उशिरापर्यंत झळा मारत राहते. त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळचा सराव विसरा. सूर्योदयाच्या आधीचा अर्धा तास धरा. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सातच्या आसपास. वर्षभर एकच गजर ठेवला तर हिवाळ्यात मिट्ट अंधारात कुडकुडावं लागतं आणि उन्हाळ्यात सुरू करेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशीची पहाट मोटार आणि पाइप यांच्यात जाते, हे मराठवाड्यातल्या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या दिवशी सराव बुडवू नका, छोटा करा. मोटार लावायची आणि टाकी भरेपर्यंत गच्चीवर उभं राहायचं. टाकी वाहायला लागली की सराव संपला.

जागा सहा बाय सहा फूट पुरते. बाज उभी करून भिंतीला टेकवली की खोलीत तेवढी जागा निघते. थंडीत शहाबादी फरशी पायाला झोंबते, खाली सतरंजी घाला. जुन्या घराच्या माळवदावर उभं राहायला हरकत नाही, पण टाचा आपटायच्या हालचाली तिथे करू नका. खाली जेवणाऱ्याच्या ताटात माती झडेल आणि तुमचा सराव त्याच दिवशी घरातून हद्दपार होईल. शेतात किंवा लिंबाखाली करणार असाल तर आधी बॅटरीने जागा नीट बघून घ्या. पहिल्या पावसानंतर विंचू बाहेर पडतात, दगडाचा ढीग आणि काडीकचरा यांपासून लांब राहा. अनवाणी सराव चांगला असतो असं पुस्तकात वाचलं असेल, पण अंधारात पायात काहीतरी घालाच. पातळ, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट सगळ्यात बरे. गुबगुबीत टाचेच्या स्पोर्ट शूजमध्ये तोल पुढे जातो.

बायकांची अडचण वेगळी असते. समोरच्या गच्चीवरून चार डोळे बघत असले की हात वर करायलाही अवघडल्यासारखं होतं. त्यात ‘काकू, हे काय करायलात?’ असं कुणीतरी विचारतंच. पहिले काही आठवडे घरातच करा. अंगवळणी पडलं की गच्चीवर जा. सलवार-कुर्ता सोपा पडतो. साडीतही आठपैकी पाच हालचाली आरामात होतात. पाय फाकवून करायच्या तीन तेवढ्या पाय कमी फाकवून करा.

पहिले पंधरा दिवस : नुसतं उभं राहणं

‘उगं उभं राहून काय होतंय?’ हा प्रश्न घरातूनच येणार. विचारणाऱ्याला पाच मिनिटं शेजारी उभं करा, मांड्या थरथरायला लागल्या की उत्तर त्याचं त्यालाच मिळतं.

चिनी परंपरेत याला झानझुआंग म्हणतात, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. वांग श्यांगजाय या विसाव्या शतकातल्या लढवय्याने तर आपली सगळी कला या उभं राहण्यावरच उभारली. करायचं असं :

पाय खांद्याइतके अंतरावर, बोटं सरळ पुढे. गुडघे किंचित सैल सोडा. किंचित म्हणजे किती, तर बाहेरून बघणाऱ्याला वाकलेले दिसू नयेत, पण ताठ कुलपासारखे बंदही नसावेत. खाली बघितलं तर गुडघ्यापुढे पायाची बोटं दिसली पाहिजेत. कंबर मागे बाहेर काढू नका. स्टुलावर बसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलात असा माकडहाडाचा कल ठेवा. डोकं वर ओढलेलं, हनुवटी थोडी आत, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं. डोळे अर्धे मिटलेले. हात छातीसमोर गोल, जणू मोठी घागर कवेत धरलीय, कोपरं खांद्यापेक्षा खाली. हे जड गेलं तर हात नुसते पोटाशी ठेवा.

सगळ्यांचं बिघडतं ते खांद्यांत. खांदे कधी वर चढतात ते आपल्याला कळतच नाही. घरातल्या कुणाला तरी खांद्यावर एक बोट टेकवायला सांगा. नुसतं बोट टेकवल्याबरोबर खांदा खाली गेला, तर तो आतापर्यंत वर चढलेला होता असं समजा. दर मिनिटाला एकदा हे केलं तरी आठवड्यात फरक दिसतो.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी एकेक मिनिट वाढवत पंधरवड्यात पाच-सहावर या. पुढे दहा मिनिटं झाली तरी खूप. अर्धा तास उभं राहण्याच्या पैजा पोरांनी लावाव्यात. मांड्या थरथरणं, तळवे गरम होणं, हातांना मुंग्या आल्यासारखं वाटणं हे होतं, त्यात भ्यायचं काही नाही आणि ‘शक्ती जागी झाली’ म्हणून हुरळायचंही काही नाही. गुडघ्यात सुईसारखी कळ, छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर लगेच बसा. अंधारी आली तर डोकं खाली घालून बसायचं, पाणी प्यायचं, त्या दिवशी पुन्हा उभं राहायचं नाही.

श्वास

नाकाने घ्या, नाकाने सोडा, पोट हलू द्या. बस. रोज प्राणायाम करणारे लोक इथे कुंभक घुसडतात. ते प्राणायामाच्या वेळी करा, उभं राहताना श्वास कोंडू नका. पहिले महिनाभर तर श्वासाकडे फार लक्षच देऊ नका. हालचाल सावकाश झाली की श्वास आपोआप लांबतो.

आठ हालचाली

बादुआनजिनमध्ये आठ हालचाली आहेत. या नावाचे उल्लेख सोंग काळापासूनचे, म्हणजे साधारण आपल्याकडे देवगिरीवर यादव होते त्या सुमाराचे किंवा त्याच्याही आधीचे. पूर्ण संच सावकाश केला तर बारा मिनिटं लागतात. बहुतेक हालचाली सहा वेळा, दोन्ही बाजूंच्या असतील तर तीन-तीन वेळा. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर शिकवणारा पाठमोरा असलेला व्हिडिओ शोधा. समोरून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं आणि पंधरा दिवसांनी तोच घोळ पक्का होऊन बसतो.

मी क्रमाने शिकवत नाही. आधी पहिली, तिसरी, चौथी आणि आठवी घ्या. या चारही नुसत्या उभ्याने होतात.

पहिली, दोन्ही हातांनी आकाश तोलणं. पोटासमोर बोटं गुंफा, हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे फिरवून वर ढकला. नजर हातांबरोबर वर, मग हनुवटी सरळ करून क्षणभर ताण तसाच ठेवा आणि हात बाजूंनी खाली. दिवसभर मोटारसायकलवर किंवा कॉम्प्युटरपुढे वाकणाऱ्यांना एवढी एकच हालचाल दिवसातून तीनदा केली तरी पाठ मोकळी वाटेल.

तिसरी, एक हात वर, तळवा आकाशाकडे, दुसरा मांडीशेजारी खाली, तळवा जमिनीकडे. दोन्हीकडे एकाच वेळी ढकलायचं. लोक वरच्या हातात सगळा जोर लावतात आणि खालचा हात नुसता लटकत ठेवतात. खालच्या हाताकडे जास्त लक्ष द्या.

चौथी, मागे बघणं. हात दोन्ही बाजूंना ताणून तळवे बाहेर वळवा आणि मान हळूहळू मागे. छाती समोरच राहिली पाहिजे. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा मान वळवताना चक्कर येत असेल तर अर्ध्यावर थांबा.

आठवी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी. टाचा उचला, चवड्यांवर क्षणभर तोल धरा, मग टाचा खाली सोडा. सात वेळा. धप्पकन आपटायचं नसतं, अर्ध्यापर्यंत सावकाश उतरून शेवटी हलका धक्का. साठीच्या पुढच्यांनी खुर्चीची पाठ किंवा भिंत धरून करावं.

ही चार दोन आठवड्यांत बसतात. मग दुसरी आणि सातवी. दुसरीत धनुष्य ओढायचं आहे : पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं खाली, मनगटं छातीसमोर, मग एक हात बाजूला लांब, त्याची तर्जनी वर आणि अंगठा बाहेर, दुसऱ्याने दोरी खांद्यापर्यंत ओढायची. सातवीत त्याच बैठकीत मुठी, एकेक ठोसा सावकाश पुढे आणि डोळे वटारलेले. डोळे वटारायचे ते भिंतीकडे. पहाटे गच्चीवरून शेजाऱ्याकडे बघत ही करू नका, गैरसमज होतात.

पाचवी आणि सहावी सगळ्यात शेवटी, कारण दुखापत होते ती यांतच. पाचवीत पाय फाकवून, हात मांड्यांवर ठेवून अंग एका बाजूने दुसऱ्या बाजूला गोल फिरवायचं असतं. गुडघे दुखणाऱ्याने ही उभ्याने, छोट्या वर्तुळात करावी किंवा सोडून द्यावी. सातच केल्या म्हणून काही बिघडत नाही. सहावीत हात पाठीवरून, मांड्यांच्या मागून घसरत पायांपर्यंत न्यायचे आणि मग हात पुढे करून उठायचं. बीपी असलेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी आणि कंबरदुखीवाल्यांनी हात गुडघ्यापर्यंतच न्यावेत, डोकं कंबरेच्या खाली नेऊ नये. उठताना घाई नको.

‘या हालचालीने तिल्ली सुधारते, त्या हालचालीने मूत्रपिंड’ असं चिनी नावांतच दिलेलं आहे. ती त्यांच्या वैद्यकाची भाषा आहे. तुम्ही खांदे, कंबर, मांड्या आणि तोल एवढ्यावर लक्ष ठेवा.

दिवसभर राबणाऱ्यांसाठी वेगळं

सगळे मार्गदर्शक लेख खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा बीडहून सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला पाय फाकवून खाली बसायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांच्या अंगाला व्यायाम कमी नाही, तो एकाच बाजूचा आणि वाकून केलेला आहे. त्यांनी पहिली हालचाल आणि चौथी, एवढ्याच, त्याही कामाच्या मधल्या सुट्टीत. रात्री निजायच्या आधी पाठीवर आडवं पडून, गुडघे वर, एक हात पोटावर ठेवून दहा मिनिटं श्वास. उभं राहायची गरज नाही, दिवसभर ते उभेच होते.

लढाऊ कला कुठे शिकावी

इथे एक गोष्ट ठाम सांगतो : लढाऊ कला व्हिडिओवरून शिकू नका. उभं राहणं आणि आठ हालचाली चुकल्या तर फार तर खांदा आखडेल. पडणं आणि पाडणं चुकलं तर हाड मोडेल.

आपल्याकडे मास्तर नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी गावची तालीम बघावी. लाल माती अजून बऱ्याच गावांत आहे, वस्तादही आहेत. वीस-बावीसचे असाल तर सरळ तिथेच जा. चाळिशी ओलांडली असेल तर वस्तादांना तसं स्पष्ट सांगा आणि कुस्तीऐवजी मुद्गल, जोर आणि थोड्या बैठका एवढंच मागा. मुद्गल फिरवण्याने खांद्याला जे मिळतं ते बादुआनजिनमध्ये मिळत नाही. बैठकांची संख्या मात्र पोरांच्या बरोबरीने करू नका.

आणि हिवाळ्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या लागतात तेव्हा लोहा तालुक्यापर्यंतची वाट जरूर वाकडी करा. निकालाकडे बघू नका, खडाखडीकडे बघा. दोघांचे हात मानेवर, मनगटावर, डोकी एकमेकांना टेकलेली, आणि कंबरेखाली पाय कसे हलतात ते बघा. चांगल्या मल्लाचं पाऊल मातीपासून फार उचललं जात नाही, वजन एका पायातून दुसऱ्यात गुपचूप जातं. ताईची शिकवणारे वर्षानुवर्षं हेच घोकून घेत असतात. थकलेल्या मल्लाचे खांदे आधी वर चढतात आणि मग तो पडतो, हेही दिसेल.

नांदेडमध्ये असाल तर गतका आहे. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात होळी-दसऱ्याच्या हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीत तो बघायला मिळतो. त्याचा पाया पैंतरा, म्हणजे पावलांची ठरलेली चाल. मग सोटी म्हणजे काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल. ही शीख परंपरेतली, धर्माशी जोडलेली विद्या आहे. शिकायचं असेल तर डोकं झाकून, नीट विचारून जा. कसरत म्हणून कुणी शिकवतं का, असं पहिल्याच भेटीत विचारणं बरं दिसत नाही.

बाकी कराटे, तायक्वांदो आणि ज्युदोचे क्लास जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. चिनी कलाच हवी असेल तर वुशू शोधा. त्यात ताओलू हा ठरलेल्या हालचालींचा प्रकार असतो आणि सांडा हा लढतीचा. ताईचीही ताओलूमध्ये येते. कोण शिकवतं याची चौकशी जिल्हा क्रीडा संकुलात किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. जाहिरातीच्या फ्लेक्सपेक्षा तिथली माहिती भरवशाची.

क्लास लावण्याआधी एक अख्खा तास बाजूला बसून बघा. अंग गरम करायला किती वेळ देतात? पडायला आधी शिकवतात का? हार मानली की समोरचा लगेच सोडतो का? लहान पोरांच्या चेहऱ्यावर भीती आहे की मजा? पट्ट्याच्या परीक्षेची फी वर्षाला किती, ते आधीच विचारा, महिन्याची फी कमी आणि परीक्षेची भरमसाट असा प्रकार असतो. ‘न शिवता पाडतो’, ‘ही गुप्त विद्या आहे, घरी सांगू नको’, ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर’ यातलं एक वाक्य जरी ऐकलं तरी चपला घालून बाहेर या.

बसणं

आठ हालचाली झाल्यावर, चहाच्या आधी. वाकळेची घडी करून ढुंगणाखाली घ्या, इतकी जाड की गुडघे कंबरेपेक्षा खाली येतील. मांडी घालून जमत नसेल तर खुर्ची, पाठ दुखत असेल तर भिंत. पद्मासनाचा हट्ट गुडघ्यांना महागात पडतो. मोबाइल फ्लाइट मोडवर, दहा मिनिटांचा टायमर.

मग फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. सुरुवातीला मोजा, सोडलेल्या प्रत्येक श्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा एक. चारवरच मन शेतीच्या कर्जावर किंवा पोराच्या अ‍ॅडमिशनवर गेलं तर पुन्हा एकपासून. एका बैठकीत दहापर्यंत एकदाही पोचला नाहीत तरी ती बैठक धरायची. काकड आरतीचा लाउडस्पीकर, अजान, टँकरचा हॉर्न हे सगळं चालू असणारच. शांतता मिळाल्यावर बसू असं ठरवलंत तर आपल्याकडे बसणं कधीच व्हायचं नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या जवळ राहणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याला चित्रांसाठी न जाता बाराव्या लेण्यासाठी जावं. त्यात चित्रं नाहीत, म्हणून पर्यटक डोकावून पुढे सरकतात. मधल्या चौकाभोवती बारा खोल्या, प्रत्येकीत दोन दगडी बाजा. भिक्खू इथे पावसाळाभर राहत आणि बसत. सातव्या शतकात चीनहून आलेल्या ह्यूएनत्संगाने महाराष्ट्रातल्या एका लेणी-विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय, ते अजिंठ्याचंच असं सहसा मानतात. खोली केवढी आहे ते आत उभं राहून बघा, म्हणजे ‘आमच्या घरात जागा नाही’ ही सबब तरी सुटते. सोमवारी अजिंठा बंद असतो.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल नवखे लगेच विचारतात. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं, फी नसते, शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. चांगलं आहे, पण पहिल्याच महिन्यात जाऊ नका. रोजची दहा मिनिटं न बसणारा माणूस एकदम दिवसाला दहा तास बसला तर कंबर आणि मन दोन्ही बंड करतात. आणि ज्यांना कधी तीव्र नैराश्य, भास किंवा भ्रम झालेत, झोप उडण्याचे झटके आलेत, त्यांनी लांबलचक ध्यान किंवा तासन्‌तास चीगाँग आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. ही उगाच घातलेली भीती नाही. अतिसरावाने मन बिघडतं हे चिनी परंपरेतच सांगितलंय, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४च्या निदान-पुस्तिकेतही चीगाँगमुळे होणाऱ्या अशा आजाराची नोंद होती. दिवसाला दहा-पंधरा मिनिटांचं हलकं बसणं बहुतेकांना सोसतं. तेवढ्यातही घाबरं झालं तर डोळे उघडा, उठा, अंगणात चक्कर मारा.

गोळ्या, शुगर, आणि अपेक्षा

शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी सुरू करताना खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं झालं तर ती शुगर उतरल्याची खूण असू शकते. लगेच खा आणि बसा. बीपीच्या गोळ्या चालू ठेवा. सरावाने आकडा सुधारला तर डोस डॉक्टर कमी करतील, आपण नाही. गरोदरपणात उभं राहणं आणि श्वास डॉक्टरांना विचारून करा, सहावी-पाचवी आणि लढाऊ कला पूर्ण बंद.

अपेक्षा काय ठेवावी? ताईचीवर बरेच अभ्यास झालेत. म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होतं हे पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर चोवीस आठवडे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात ताईची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा आणि वजनं उचलणाऱ्यांपेक्षाही चांगला राहिला. एवढं आहे. कॅन्सर बरा होतो, मुतखडा विरघळतो असं सांगणारा तुम्हाला काहीतरी विकतोय.

तीन महिन्यांनंतर

आठवड्यातून पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटं होत असतील तर नवीन काही घ्यायला हरकत नाही. पेरणी, काढणी, लग्नसराई या काळात नवीन काही सुरू करू नका, आहे ते निम्म्यावर आणा आणि टिकवा. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, डास उठतात, तेव्हा घरात या. काढणीत अडकलेले नसाल तर पितृपक्ष ते दिवाळी हा काळ शिकायला सगळ्यात चांगला : हवा उतरलेली असते.

पुढची पायरी म्हणजे चोवीस चालींची ताईची. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने लांबलचक जुन्या प्रकारांतून ती छोटी करून बसवली, मूळ हेतूच सामान्य माणसाला शिकता यावी हा. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात, बसायला सहा महिने ते वर्ष. यासाठी मात्र शिकवणारा हवाच, निदान महिन्यातून एकदा भेटणारा. वुशूच्या कोचला विचारा, तोही नसेल तर आपल्यासारखे दोन-तीन जण गोळा करून संभाजीनगर किंवा पुण्याहून कुणाला महिन्यातून एक रविवार बोलवा आणि खर्च वाटून घ्या. तोवर बादुआनजिनची पाचवी हालचाल ज्यांनी सोडून दिली होती, त्यांनी ती पुन्हा काढून बघावी, छोट्या वर्तुळात.